स्वामींनी न सांगितलेलं

"मग स्वामींनी सांगितलं नाही, ते काय होतं बाबा?"

मठाच्या पडवीत उद्धवबाबा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठाचे मूळ स्वामी देह ठेवताना म्हणाले होते, 'पोथीत आहे ते तुमचं. उरलेलं अजून सांगायचं नाही.' त्या एका वाक्यानं बाबांपुढं येरझाऱ्या घालणाऱ्या रंगनाथची झोप उडवली होती. पोथी त्याला मुखोद्गत होती. म्हणजे आपल्यापुरती ती संपली, असं तो धरून चालला होता. उरलेल्याच्या शोधात त्यानं नदीकाठचे मठ पालथे घातले, एका फकिराच्या तकियात अख्खा पावसाळा काढला, आणि परतला तो आणखीच बेचैन होऊन.

"तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मुद्दाम सांगत नाही."

"पहिल्या पानावरची ओवी म्हण."

"ती? ती तर पोरंसोरंही म्हणतात."

"म्हण."

रंगनाथ येरझाऱ्या घालतच म्हणाला,

"ज्याचे मन आपण दुखविले ।
त्याचे दारी पाहिजे गेले ।
मग देवासी आळविले ।
तरी चाले ॥"

"अर्थ?"

"शब्दार्थ सांगू, की गूढार्थ? दार म्हणजे इथं देह. मन म्हणजे..."

"गोदाक्का कशी आहे?"

रंगनाथ थांबला.

गोदाक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. तिचा नवरा गेला तेव्हा निरोप मठात आला होता. रंगनाथ अनुष्ठानाला बसलेला होता. मधेच उठलो तर सगळं फुकट जाईल, म्हणून तो उठला नाही. नंतर जायचं म्हणता म्हणता राहूनच गेलं.

"तिचा इथं काय संबंध?" त्याचा आवाज चढला.

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, बासनातली पोथी सोडली आणि पहिलं पान त्याच्यापुढं धरलं. त्या एका ओवीखालचं सगळं पान त्यांनी तळहातानं झाकलं होतं.

"एवढंच दिसतंय मला," ते म्हणाले. "पुढचं मलाही अजून वाचता आलेलं नाही."

रंगनाथ रागानंच पायऱ्या उतरला. नावेत बसला तेव्हाही तो स्वतःशी भांडत होता. पलीकडच्या काठाला उतरल्यावर मात्र त्याची चाल मंदावली.

गोदाक्काचं दार लोटलेलं होतं. आत जात्याची घरघर चालू होती.

"आक्का... मी रंगा."

घरघर थांबली. पावलं दारापाशी आली. आतून कडी लागली.

मग आवाज आला, "झालं का अनुष्ठान?"

तो ओट्यावर बसला. ऊन डोक्यावर आलं. शेजारच्या बायका बघून गेल्या. दार उघडलं नाही. एकदा मात्र, अगदी फळीला लागून, आतल्या आत दाबलेलं रडणं त्याला ऐकू आलं. पोथीतल्या एवढ्या ओव्या पाठ होत्या, पण त्या रडण्यापुढं म्हणावी अशी एकही त्याच्या ओठावर येईना.

दिवस कलायला आला तेव्हा तो मठात परतला. या वेळी त्यानं येरझाऱ्या घातल्या नाहीत. बाबांसमोर मटकन खाली बसला.

"गेलो होतो. तिनं कडी लावून घेतली."

बाबांनी दिव्याची वात सारली.

"काही उपयोग झाला नाही बाबा. ओवी खोटी ठरली."

"दार उघडेल, असं ओवीत म्हटलंय?"

रंगनाथनं मनातल्या मनात चारही चरण चाचपले.

"...नाही."

"मग काय म्हटलंय?"

"जावं."

नदीवरून नावाड्याची हाळी आली. शेवटची खेप निघायची होती. रंगनाथनं तिकडं पाहिलं, पुन्हा बाबांकडं पाहिलं. उरलेल्याचं विचारायचं त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

"आता मी काय करू?"

बाबा पोथी बांधत होते. त्यांनी विचारलं,

"ओवी किती वेळा म्हणतोस रे?"

"ती तर रोज म्हणतो."

"आणि गेलास एकदाच?"