टोकाचा वाफा

फार जुन्या काळची गोष्ट. लहानथोर सगळ्यांनी ऐकावी. ज्यांना नुकतेच मिसरूड फुटते आहे आणि ज्यांच्या घरात ‘पुढे काय शिकायचं?’ हा एकच विषय चालू आहे, त्यांनी जरा नीट कान देऊन ऐकावी.

एका राज्यात नदीवर एक मोठे चाक होते. सात गावांचे पाणी त्या चाकाच्या हाती होते. नदी चाक फिरवी, चाक दोर फिरवी, आणि दोराला गाठी मारलेल्या होत्या. बारीक गाठ लाकडी खटक्याखाली आली की उघडे दार पडून बंद होई आणि पुढच्या गावाचे दार वर जाई. मोठी गाठ आली की पहिल्या गावापासून पुन्हा पाळी सुरू होई. माणसाने हात लावायचे काम नव्हते.

चाकाला अक्कल नव्हती. दोरात जे बांधले तेच ते करी. शहाणपण बांधले तर शहाणपण करी, मूर्खपणा बांधला तर मूर्खपणा करी, आणि तोही न थकता.

असा दोर बांधणाऱ्याला गाठकरी म्हणत. राजा त्याला भरजरी शेला देई, दरबारात बसायला जागा देई. मग काय विचारता! ज्या पोराला बैलाचे दावे धड बांधता येत नव्हते, त्याचा बापही म्हणू लागला, “आमचा गाठकरी होणार.”

सगळ्या गाठकऱ्यांचा एक म्हातारा वस्ताद होता. त्याला अक्षरओळख नव्हती. पण नदीवरच्या चाकाचा दोर बावीस वर्षांपूर्वी त्याने बांधला होता. दोर झिजला की नवा दोर जुन्याशेजारी ठेवायचा आणि गाठीला गाठ उतरवून घ्यायची, एवढेच काम त्याने इतरांना ठेवले होते. त्याच्या मिशीचा पीळ त्या दोराइतकाच घट्ट होता.

टोकाच्या सातव्या गावाचे दोघेतिघे मात्र दर उन्हाळ्यात येत. “वस्ताद, पाणी अर्धंच पोचतं,” म्हणत.

“तुमचं दार उघडतं की नाही?”

“उघडतं.”

“मग तुमची जमीन चाळण आहे. जा.”

ते जात. पहिल्या गावाने कधीच तक्रार केली नाही.

वर्षातून एकदा वस्ताद शिष्य निवडी. त्या वर्षी त्याच्या शाळेच्या अंगणात साठ पोरे जमली. वस्तादाने एकेकाला विचारले, “का आलास?”

“मामा म्हणाले, शेला मिळतो.”

“मामालाच पाठव.”

“आमच्या आळीतले सगळे आलेत म्हणून.”

“ते परत गेले की तूही जाशील. आत्ताच जा.”

एक जण हसत म्हणाला, “मी दिवसभर भोवरा खेळतो, वस्ताद. दोरीवर हात बसलाय माझा.”

“भोवरा फिरवणं वेगळं, भोवरा घडवणं वेगळं. घडवावासा वाटला तर ये.”

सरदाराचा मुलगा पुढे आला. “माझ्याइतकी भराभर गाठ कुणी मारत नाही,” तो म्हणाला. वस्तादाने त्याची बोटे पाहिली आणि त्याला ठेवून घेतले.

शेवटी एक मुलगी उभी राहिली. पाय धुळीने भरलेले, हाताला घट्टे. म्हणाली, “आमच्या गावात पाणी अर्धं येतं. का येतं, ते बघायचंय.”

“कुठलं गाव?”

“टोकाचं.”

वस्तादाच्या कपाळाला आठी पडली. “तुमची जमीन चाळण आहे, पोरी.”

“असेल. आहे का, तेही बघीन.”

कुणी हसले नाही. वस्तादाने तिला हाकलले नाही. का नाही, ते त्याला सांगता आले नसते.

साठांतले बारा उरले. शाळेच्या मागे पाटावर बारा लहान चाके होती आणि प्रत्येक चाकासमोर मेथीचे पाच वाफे. वस्ताद म्हणाला, “पाचांना सारखं पाणी मिळेल असा दोर बांधा. ज्याचा जमेल तो राहील.”

सरदाराच्या मुलाचा दोर विडा चघळून व्हायच्या आत तयार झाला. पाच दारे एकामागून एक उघडली. टाळ्या पडल्या. मुलीला मात्र दुपार झाली. तिचीही पाच दारे ओळीने उघडली. वस्ताद म्हणाला, “ठीक. जेवायला चला.”

सगळे पंगतीकडे पळाले. मुलगी उलट्या दिशेला गेली. पाचव्या वाफ्याच्या पार टोकाला जाऊन तिने मातीत बोट खुपसले. बोट कोरडे निघाले.

तिने येऊन चाक थांबवले. “माझा दोर चुकलाय,” ती म्हणाली.

सरदाराचा मुलगा हातात घास घेऊन ओरडला, “अगं बाई, दार उघडलं ना? आणखी काय पाहिजे तुला?”

“दार उघडून मेथी येत नाही. वाफा भिजायला हवा.”

“मातीच वाईट असेल.”

“असेल. आधी माझा दोर बघते, मग मातीला बोलते.”

वस्तादाचा घास हातातच राहिला. ‘जमीन चाळण आहे’ हे वाक्य त्याने बावीस वर्षे किती सहज फेकले होते! जेवण झाल्यावर तो ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहिला.

तिने चाक पुन्हा सोडले. एकेक गाठ खटक्याखाली येताना ती वाकून बघे. एकदा बघितले. दोनदा बघितले. पाचवे दार उघडे असतानाच पहिले दार खटकन वर जाई आणि पाचव्याचे पाणी तुटे. तिथे मोठी गाठ तर तिने बांधली नव्हती. मग ती एकदम उठली, चिखलाच्या हातांनी टाळी वाजवून मोठ्याने हसली.

“सापडली!”

“काय सापडलं?” वस्ताद ओट्यावरून उतरला.

“माझी चूक! दोर गोल फिरत राहावा म्हणून त्याची दोन टोकं जोडायला मी ही गाठ मारली, वस्ताद. ही नुसती जोडायची गाठ. पण चाकाला काय कळणार? त्याला ही मोठी गाठच वाटते. पाचव्याची पाळी अर्ध्यावर असताना ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.”

“आणि हसतेस कशाला?”

“सकाळपासून लपली होती की ती!”

वस्तादाने बाकीचे अकरा दोर तपासले. जोडगाठ सगळ्यांच्या दोरांत होती. अकराही पाचवे वाफे टोकाला कोरडे होते आणि बघायला कुणी गेले नव्हते.

मग म्हातारा थबकला. नदीवरच्या मोठ्या दोराची टोके त्याने कशी जोडली होती? अशीच. अशीच घट्ट गाठ मारून. आणि ती गाठ बावीस वर्षे गाठीला गाठ लावून नव्या दोरांत उतरत आली होती.

त्याने विचारले, “गाठ न मारता टोकं जोडशील कशी?”

“आमच्याकडे मोटेचा नाडा तुटला की गाठ मारत नाहीत. गाठ चाकावर अडते. पेड उलगडून एकमेकांत गुंफतात. पाटाचं पाणी पुरत नाही, म्हणून मोट आम्हांला सोडवत नाही. म्हणून गुंफता येतं.”

दुसऱ्या दिवशी वस्तादाने दवंडी देऊन सातही गावे नदीवर बोलावली. राजाच्या दिवाणाला कारणाचा सुगावा लागला. तो वस्तादाच्या कानाशी लागला, “वस्ताद, कशाला बोभाटा? दोर हळूच बदला. कुणाला कळणार आहे?”

“बावीस वर्षं मिशीला पीळ दिला तो चारचौघांत,” वस्ताद म्हणाला. “आता चूक कोपऱ्यात सांगू?”

त्याने चाक थांबवायला लावले. खांद्यावरचा शेला काढून खांबाला अडकवला आणि दोरावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “ही गाठ माझी. चूक माझी. टोकाच्या गावाचं पाणी मी तोडलं.”

टोकाच्या गावचा एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. दर उन्हाळ्यात हात हलवत परत जाणाऱ्यांतला तो एक.

“म्हणजे जमीन चाळण नव्हती तर,” तो म्हणाला.

“नव्हती. डोकं माझं चाळण होतं.”

तेवढ्यात पहिल्या गावचा पाटील कुरकुरला, “अहो, पण आता आमच्या वाटचं पाणी कमी होणार की!”

“ते तुमच्या वाटचं नव्हतंच, पाटील.”

भिजून फुगलेली गाठ वस्तादाच्या बोटांना सुटेना. त्याने मुलीला बोलावले. तिने दाताने धरून ती सोडवली, पेड उलगडले आणि असे गुंफले की हात फिरवला तरी जोड लागू नये. चाक सुटले. पाण्याबरोबर वस्ताद पाटाच्या कडेने चालत निघाला, थेट सातव्या गावापर्यंत. बावीस वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच जात होता. शेवटच्या शेताच्या शेवटच्या वाफ्यात त्याने बोट खुपसले.

बोट चिखलाने माखून वर आले. त्याने ते धुतले नाही. तसाच परत आला, खांबावरचा शेला काढला आणि मुलीच्या खांद्यावर टाकला.

“हात धुऊन येते, वस्ताद. शेला खराब होईल.”

“होऊ दे. या शेल्याला पहिल्यांदाच बरा रंग चढतोय.”

त्या दिवशी वस्तादाच्या मिशीचा पीळ उतरला असेल असे लोकांना वाटले होते. उलट आणखी चढला. तो गावोगाव सांगत फिरला, “माझी चूक काढणारी पोर माझ्याच शाळेतली आहे!”

सरदाराचा मुलगा त्या वर्षी रुसून घरी गेला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. वस्तादाने त्याचा दोर पाहिला नाही, आधी त्याचे पाय पाहिले. घोट्यापर्यंत चिखल होता. त्याला ठेवून घेतले.

ती चाके आता राहिली नाहीत. आता कॉम्प्युटर आले. तेही तसेच आज्ञाधारक आणि तसेच बिनअकलेचे. बारावीनंतर त्या विद्येच्या दारात उभे राहाल, तेव्हा पगार किती आणि आळीतले किती जण चालले, हे मोजत बसू नका. आपली चूक सापडली की आपल्याला हसू येते का, एवढे मनाला विचारा. येत असेल तर बेलाशक जा. येत नसेल तर दुसरी विद्या काही हलकी नाही.

बोध: यंत्राला शिकवायला त्यानेच जावे, ज्याला टोकाच्या वाफ्यापर्यंत चालत जायची आणि आपली चूक ताठ मानेने सांगायची लाज वाटत नाही.