वडिलांचा नांगर आणि मेणाचा धोंडा

फार पूर्वी, माणसे समुद्राला हात जोडल्यावाचून पाण्यात पाऊल घालीत नसत त्या काळी, एका खाडीच्या मुखाशी कोळ्यांची वाडी होती.

त्या वाडीची एक रीत होती. मासेमारीला जाणाऱ्याने नांगर टाकण्याआधी मेण फासलेला धोंडा दोराने तळाशी सोडावा. धोंड्याला चिखल लागून आला, तर रुंद फाळांचा नांगर वापरावा आणि दोर लांब सोडावा. धोंडा कोरा आला, तर खाली खडक आहे असे जाणून आकड्यांचा नांगर टाकावा. याला ते ‘तळाला विचारणे’ म्हणत.

वाडीतील एका कोळ्याला वडिलांकडून चार आकड्यांचा लोखंडी नांगर मिळाला होता. वडिलांनी जन्मभर खाडीबाहेरच्या खडकांवर मासे धरले. तो नांगर एकदाही सुटला नव्हता. मुलगा त्याला रोज स्नान घाली, शेंदूर लावी आणि मगच होडी लोटी. होडी नवी होती. वडिलांनी परसात लावलेला फणस तोडून त्याने ती बांधली होती. परसात दुसरे झाड नव्हते.

एका वर्षी मासा खडक सोडून खाडीमुखाच्या गाळाकडे वळला. सारी वाडी तिकडे निघाली. तोही निघाला.

दारात जाळे विणीत बसलेल्या त्याच्या वृद्ध आत्याने विचारले, “धोंडा घेतलास का रे?”

“कशाला, आत्या? बाबांनी तळाला विचारले होते. तेवढे पुरे.”

“त्याने खडकाला विचारले. चिखलाला कोणी विचारायचे?”

“माझा बाबांच्या नांगरावर विश्वास आहे. तुझा नाही?”

“माझा भावावर होता,” आत्या म्हणाली. “लोखंडावर नव्हता.”

तो हसला आणि मेहुण्याला घेऊन होडीत बसला. गाळावर पोहोचताच त्याने नांगराला हळदकुंकू वाहिले आणि वडील सोडीत तेवढाच आखूड दोर सोडला.

मेहुणा म्हणाला, “दाजी, नांगराला रोज स्नान, आणि मला शिळी भाकरी. पुढल्या जन्मी मी नांगरच होणार.”

“मग बुडण्याची तयारी ठेव,” तो म्हणाला. दोघे हसले.

दुपारी वारा उठला. समुद्र उसळू लागला. आसपासच्या होड्या नाचत होत्या, पण जागा सोडीत नव्हत्या.

“दाजी,” मेहुण्याने विचारले, “हे लोक पुढे चाललेत, की आपण मागे?”

त्याने पाहिले. किनाऱ्यावरील देवीच्या देवळाचा कळस टेकडीआड गेला होता. केसांतून फणी फिरावी तसा नांगर चिखलातून फिरत होता.

“अजून दोर सोडा!” मेहुणा ओरडला.

“बाबा एवढाच सोडीत,” तो म्हणाला, आणि त्याने दोराला हात जोडले.

मागे एक बुडालेला खडक होता. त्याच्या पायथ्याशी नांगर पोहोचला आणि एका हिसक्यासरशी घट्ट अडकला. अखेर त्याला ओळखीचा तळ सापडला होता. परंतु होडी तोवर खडकाच्या माथ्यावर आली होती. एका लाटेने तिला उचलले; दुसरीने आपटून फोडले. दोघे नांगराचाच दोर धरून तरंगत राहिले, आणि शेजारच्या होडीने त्यांना उचलून घेतले.

वारा निवल्यावर नांगर जसाच्या तसा वर आला. तो अंगणात ठेवून कोळी आत्यासमोर बसला.

“बाबांच्या नांगराने दगा दिला, आत्या.”

“दगा? खडक लागताच त्याने धरला ना? त्याचे काम त्याने केले. तुझे कोणी करायचे?”

आत्याने हातातले जाळे बाजूला ठेवले.

“तुझा बाप नांगराच्या पाया पडत नसे. रोजच्याच खडकावर गेला, तरी आधी तळाला विचारी. म्हणे, तळ देवाने घडवला. आपण तो गृहीत धरू नये.”

असे म्हणून ती उठली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून खाली एक धोंडा लावलेला होता. तो तिने उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. धोंड्याच्या खाचेत अजून वडिलांनी फासलेले जुने मेण होते.

आपण शेंदूर कशाला लावीत होतो आणि दार कशाने अडवीत होतो, हे त्याला त्या क्षणी समजले. त्याने मान खाली घातली.

त्यानंतर दोन पावसाळे त्याने दुसऱ्याच्या होडीवर वल्हे मारले. मग मजुरीतून लाकूड घेऊन देवीच्या कृपेने त्याची होडी पुन्हा उभी राहिली. पहिल्याच दिवशी त्याने गाळावर धोंडा सोडला. धोंडा चिखल घेऊन वर आला. तेव्हा त्याने रुंद फाळांचा नांगर टाकला आणि दोर लांबच लांब सोडला. त्या ऋतूत तसाच वारा पुन्हा उठला. होडी रात्रंदिवस नाचली. जागेवरून हलली नाही.

वडिलांचा नांगर त्याने टाकून दिला नाही. खडकावर जाताना तो पुढेही त्याच्याबरोबर असे. फक्त तळाला विचारल्यावाचून त्याने तो कधी पाण्यात सोडला नाही.

तात्पर्य: वडिलांचे साधन वारशाने मिळते, वडिलांचा विवेक मात्र ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो.