शिट्टीतली फट

लाकडं बोलायची आणि माणसं ती ऐकायची, त्या काळची गोष्ट. डोंगरपठारावर येसाई सुतारीण शिट्ट्या कोरायची. नळीच्या तोंडात खुंटी बसवताना ती पटाशीने खुंटीची एक बाजू तासायची, म्हणजे फुंकर जायला फट राहायची.

काळीभोर शिसवी शिट्टी म्हणाली, "मावशे, फटी त्या बाभळीच्या शिट्टीला शोभतात. माझी खुंटी गच्च बसव."

"मग वाजशील कशी, राणीसाहेब?"

"माझा आवाज माझ्या लाकडात आहे!"

येसाई हसली आणि तिने खुंटी गच्च ठोकली. बिरू धनगराने शिसवीची आणि बाभळीची, दोन्ही शिट्ट्या गळ्यात बांधल्या.

एका सकाळी धुकं दाटलं आणि मेंढरं कड्याकडे निघाली. बिरूने शिसवी फुंकली. त्याचे गाल फुगले, डोळे लाल झाले, पण फुंकर आत शिरेना.

"अगं बाई, बोल की!"

शेवटी त्याने बाभळीची शिट्टी फुंकली. धुकं चिरत शीळ गेली आणि मेंढरं कड्यावरून मागे वळली.

संध्याकाळी बिरू येसाईच्या दारात पोचला, तेव्हा शिसवीनेच आधी तोंड उघडलं, "मावशे, पटाशीला धार आहे ना?"