आनशीआयेचा वळेसर

खाडीवर पूल नव्हता, किनाऱ्यावर दिवा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. आमच्या पणज्यांनी त्यांच्या पणज्यांकडून ऐकलेली. आता मधेच 'खरं का, आजोबा?' असं विचारायचं नाही. खरं-खोटं दर्याला ठाऊक. मला जसं सांगितलं, तसं मी सांगतो.

खारवळ गावात आनशी नावाची गाबतीण राहायची. गाबीत म्हणजे दर्यावर जगणारी माणसं. तिचा घोव, म्हणजे नवरा, दर्यात बुडाला तेव्हा मुलगा रवळू पाळण्यात होता. मग आनशीनं सुरंगीचे कळे काढायचं काम धरलं. सुरंगी पाहिलीय ना? फांदी न् फांदी लगडलेली असते. पण फूल उमलायच्या आत, पहाटेच, कळा असताना काढावं लागतं. उमललं की पाकळ्या गळतात, मग ओवणार काय, कपाळ! त्या मिटल्या कळ्यांचा वळेसर बाया डोक्यात माळतात, आणि डोक्याच्या उबेनं तो हळूहळू उमलतो. साऱ्या गावाच्या अंबाड्यांत आनशीनं ओवलेले वळेसर असायचे. तिच्या स्वतःच्या डोक्यात मात्र एक कळा नाही. विधवेनं फूल माळायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. मेल्यांनी कसले कसले रिवाज करून ठेवले होते!

सातेरी देवीचं देऊळ टेकावर, दर्याकडे तोंड करून. तिथं एक जुनी सुरंगी होती. तिचे कळे कोणी काढत नसे. ती झाडावरच फुलायची आणि पहाटेचा मतलई वारा तिचा वास दर्यावर न्यायचा. माघ-फाल्गुनात धुकं पडलं की होडीवाले त्या वासावर खाडीचं तोंड गाठायचे. तोंडाशीच धारदार खडकांचं खडप आहे. हातभर चुकलं तर होडीच्या चिरफळ्या.

एका वर्षी देवीच्या जत्रेला आनशीला हाव सुटली. देवीचा वळेसर असा करायचा, की पायांपर्यंत लोळला पाहिजे. गावातली झाडं पुरेनात. तेव्हा ती पहाटे टेकावर चढली आणि त्या जुन्या सुरंगीचेही कळे ओरबाडून आणले. देवीसाठीच तर काढतेय, असं मनाशी म्हणाली. माणूस देवाचं नाव घेऊनच मोठ्या चुका करतो बघा.

वळेसर पुरा करून तिनं देवीला चढवला, आणि बाहेर येते तर दर्यावरून धुकं आलेलं. स्वतःचा हात दिसेना. गावातले पुरुष आदल्या संध्याकाळीच होड्या घेऊन गेले होते, त्यात आता वयात आलेला रवळूही. जत्रेला सकाळी परतणार होते. लोकांनी ढोल बडवले. पण धुक्यात आवाज फसवतो, खडपावर आपटून चहूकडून येतो. आणि झाडाला तर एक फूल उरलं नव्हतं.

"माझ्याच हातान माझो रवळू, माझो झील जातलो गो!" आनशीनं हंबरडा फोडला. मग डोळे पुसले आणि कामाला लागली. जत्रेसाठी नटलेल्या बायांना तिनं टेकाच्या कड्यावर ओळीनं उभं केलं, डोक्यावरचे पदर काढायला लावले आणि असतील नसतील ते वळेसर त्यांच्या डोक्यांवर रचले. कळे उमलू लागले. पण दर्या केवढा आणि वास केवढा! उरला होता फक्त देवीचा तो मोठा वळेसर. आणि गावात मोकळं डोकंही एकच उरलं होतं.

आनशी परत देवळात गेली. तिचं मागणं ऐकून धाकू गुरव हबकला.

"आनशे, देवीचो वळेसर? आणि तुझ्या डोक्यार? लोक काय म्हणतले?"

"लोकांचे घोव आणि माझो झील एकाच धुक्यात आसत," आनशी म्हणाली. "देवीक इचार. ती नाय म्हणाली तर मी परत जातंय."

धाकूनं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालायला त्यानं तोंड उघडलं, तोच उजवी पडली. त्याचं तोंड उघडंच राहिलं. देवीनं मान लववली आणि वळेसर आपसूक घरंगळून आनशीच्या हातात आला, असं म्हणतात.

तिनं तो डोक्याला गुंडाळला. किती वर्षांनी, बाबांनो! आणि ती कड्यावर पोचते न पोचते तोच सगळे कळे एकदम उमलले. वास असा सुटला, की घाटावरच्या गुरांनी माना वर केल्या. मासळी पाण्यावर आली. धुक्यात कधी न उडणाऱ्या मधमाश्या पोळं सोडून दर्याकडे निघाल्या, असं म्हणतात. मी काही बघायला नव्हतो. आनशी जागची हलली नाही. मग धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. एक होडी, तिच्यामागून दुसरी, मग साऱ्या. कोणाच्या नखालाही धक्का लागला नव्हता.

रवळू शेवटच्या होडीत होता. धावत कडा चढून वर आला आणि थबकला. आईच्या डोक्यात फूल त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आनशी ओशाळली. वळेसर काढायला तिनं हात वर नेला. त्यानं तो धरला.

"रवांदे, आये," तो म्हणाला. "बरी दिसतंस गो."

गावात कोणी ब्र काढला नाही. काढणार कोण? सगळ्यांचे घोव घरी आले होते.

आजही खारवळात टेकावरच्या सुरंगीला कोणी हात लावत नाही. जुनं झाड गेलं, त्याच्याच बीचं आता उभं आहे. आणि जत्रेच्या सकाळी देवीचा वळेसर आधी गावातल्या एखाद्या विधवेच्या डोक्यात माळतात. तिथं तो उमलला, की मगच देवीला चढतो. नव्या सुना विचारतात, माळलेलं फूल देवीला कसं चालतं? त्यांना सांगतात, तिनंच तसा कौल दिलाय. माळून झालं, की त्या वर्षी पहिल्यांदा दर्यावर जाणारा पोरगा पुढे येतो, त्या बाईच्या पाया पडतो, आणि सगळ्या गावादेखत म्हणतो, "आये, बरी दिसतंस गो."