येसनाकाची दवंडी

फार वर्षांपूर्वी कातळवेढ्याच्या खोऱ्यात सात गावं होती आणि सात गावांत मिळून एकच दवंडीवाला होता. येसनाक त्याचं नाव. किती वर्षांपूर्वी, ते विचारू नका. तारखा विचारणाऱ्याचा मला संशय येतो, तो कुणीतरी पाठवलेला असतो.

कचेरीचा हुकूम आला की येसनाकाने डफ वाजवायचा आणि कारकुनाने ऐकवलेला शब्द न शब्द ओरडून सांगायचा. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. त्याच्या आवाजाने डोंगरापलीकडची गुरं माना वळवत, असं म्हणतात.

एका साली मामलेदाराने टेकडीवर स्वतःसाठी बंगला बांधायला काढला आणि सात गावं वेठीला धरली. भात कापणीला आलेलं, आणि माणसं ओढ्यातून दगड वाहतायत. मजुरी नाही, भाकरीसुद्धा घरची. वेठीची दवंडी अर्थात येसनाकच पिटत होता. गजी नावाची बाई, पोटात सात महिन्यांचं मूल, चढावर दगडासकट कोसळली ती उठलीच नाही. तिला आपणच हाक मारून बोलावलं, हे येसनाकाच्या फार जिव्हारी लागलं.

तो तीन दिवस चालत प्रांतसाहेबाच्या छावणीवर गेला आणि पाहिलं तसं सांगून आला. साहेबाने मान डोलावली, फिर्याद लिहून घेतली आणि चौकशीला पाठवली. कुणाकडे? मामलेदाराकडेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. साहेब भोळा होता असं म्हणतात. मी म्हणत नाही.

आठ दिवसांत जबान्यांवर सगळ्यांचे अंगठे उठले की आम्ही खुशीने दगड वाहिले. कुणी भ्यालं, कुणाला पाटलाने दम दिला. आणि येसनाकावर खटला उभा राहिला, सरकारी अंमलदारावर खोटी फिर्याद केल्याचा. पाटील त्याच्या दारात आला.

"येसनाका, सबूद मागं घे. नशेत बोललो म्हन, मिटतंय. न्हाईतर तुरुंग हाय. घरात बायकापोरं हायेत तुझ्या."

"गजी बी कुनाच्या तरी घरातलीच व्हती, पाटील."

आता रीत अशी, की असा खटला उभा राहिला की आरोप साती गावांत दवंडीने कळवायचा. आणि दवंडीवाला तर एकच. दुसरा माणूस बघावा हे कचेरीत कुणाला सुचलंच नाही, असं म्हणतात. मला वाटतं कारकुनाला सुचलं होतं आणि तो मुद्दाम गप्प बसला.

येसनाकाने डफ घेतला. पहिल्या गावच्या चावडीवर उभा राहून, एक शब्द न गाळता, त्याने स्वतःवरचा आरोप सांगितला. "ऐका हो ऐका. येसनाकानं खोटी फिर्याद केली, की मामलेदारानं गावं वेठीला धरली. खोटी फिर्याद केली, की मजुरी दिली न्हाई. खोटी फिर्याद केली, की गजी दगडाखाली मेली."

लोक ऐकत राहिले. कुणी कुणाकडे बघेना, कारण आपल्यातलाच कोण कचेरीत जाऊन सांगेल याचा नेम नव्हता. दुसऱ्या गावातही तसंच झालं. तिसरं गाव गजीचं. तिथे तिची म्हातारी सासू काठी टेकत पुढे आली.

"खोटी कशी? म्या व्हते तिथं."

मग मागून एक पुरुष म्हणाला, "म्या बी व्हतो." चौथ्या गावात दहा जण म्हणाले. सातव्या गावात येसनाक पोचला तेव्हा त्याच्यामागे सहा गावं चालत होती, नुसती ऐकत राहिलेली पहिली दोनसुद्धा. शिपाई डफ हिसकायला धावले. येसनाक म्हणाला, "हुकूम अर्धा सोडला तर गुन्हा व्हतो, शिपाईदादा." आणि त्याने तो पुरा केला.

शिक्षा त्याला झालीच. पण त्याला नेल्यावर चावडीच्या खुंटीवरचा डफ आपोआप वाजू लागला. मामलेदाराने त्याचं कातडं फाडलं, तर रिकामं कडं वाजलं. बंगल्यावर दिवसा चढवलेले दगड सकाळी परत ओढ्यात सापडत. दगडांना पाय फुटले, असं म्हणतात. ते पाय कुणाचे होते ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. बंगला काही उभा राहिला नाही, आणि पुढे त्या खोऱ्यात कुणी वेठीचा हुकूम काढला नाही.

येसनाक परत आला नाही. हिवतापाने गेला, असं कागदावर आहे. कागद त्याच कचेरीचा आहे.

कातळवेढ्यात आजही कुणी अधिकाऱ्याविरुद्ध बोललं आणि उलट त्याच्याच नावाने नोटीस आली, तर ती पंचायतीच्या फळ्यावर नुसती लावत नाहीत. ज्याच्यावर आरोप आहे त्याने ती येसनाकाचं नाव घेऊन चावडीवर मोठ्याने वाचायची आणि थांबायचं. मग जो जो तिथे होता त्याने तसं सांगायचं. गेल्या साली अंगणवाडीच्या सरूबाईने अशी नोटीस वाचली. एकोणीस जण बोलले. जे बोलले नाहीत त्यांच्याकडे गाव अजून बघतं आहे.