खोगिरासकट शंभर

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा रस्ते माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनीच पडत, आणि राजा कुठे राहतो हे डोंगरातल्या लोकांना नुसतं ऐकून ठाऊक होतं. लहानांनो, तुम्ही ही गोष्ट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही बाजारात जाता, तेव्हा तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या वर, चढणीवर, विखुरलेल्या वाड्या होत्या. गावात म्हाळसा नावाची सुईण राहत होती. साऱ्या वाड्यांतली मुलं तिच्याच हातावर जन्मलेली. पण आता तिचं वय झालं होतं. चढण चढताना तिचा श्वास कोंडायचा, ती दगडावर बसायची, आणि वर कुणीतरी कळा देत तिची वाट बघत असायचं. कधीकधी ती पोचायच्या आत सगळं आटोपलेलं असायचं. ते नेहमीच चांगलं आटोपलेलं असायचं, असं नाही.

म्हणून गावानं आणि वाड्यांनी मिळून ठरवलं, की म्हाळसाआक्कासाठी एक घोडी घ्यायची. कुणी मध विकला, कुणी तूप विकलं, एका बाईनं पायातले तोडे दिले. शंभर नाणी जमली. त्या डोंगरात इतके पैसे एका जागी कुणी पाहिले नव्हते.

घोडी आणायला कुणी जायचं, हा प्रश्नच नव्हता. गावात रखमाजी होता.

रखमाजी हा भाव करण्यात पटाईत माणूस. तो विकत घ्यायला बसला, की लोक हातातलं काम टाकून बघायला उभे राहत. तो वस्तू हातात घ्यायचा, तोंड वाकडं करायचा, उठून चालायला लागायचा, आणि विकणारा त्याच्या मागे धावायचा. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या वाट्याची नाणी त्यानं सगळ्यांच्या आधी आणून दिली होती. फक्त लोकांनी आपल्याला हुशार म्हणावं, याची त्याला फार गोडी होती.

रखमाजी मोठ्या बाजाराच्या गावी गेला. तिथे घोड्यांचा एक सौदागर होता. पांढरी दाढी, गोड बोलणं, आणि दारात नेहमी चार माणसं बसलेली. रखमाजीला एक तांबडी घोडी पसंत पडली. पाय घट्ट, नजर शांत.

"काय सांगता हिचे?" रखमाजीनं विचारलं.

"एकशेवीस."

रखमाजी हसला. घोडीचे दात पाहिले, मान हलवली, चालायला लागला. सौदागरानं हाक मारली. एकशेदहा झाले. रखमाजीनं पाठीवर हात फिरवला, पुन्हा चालायला लागला. शंभर झाले. भोवती माणसं जमली. नव्वद झाले. सौदागरानं कपाळावर हात मारला, पोराबाळांची शपथ घेतली, डोळे पुसले. शेवटी तो म्हणाला, "घ्या, ऐंशी! जन्म गेला या धंद्यात, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नाही."

जमलेल्या माणसांनी वाहवा केली. कुणीतरी रखमाजीच्या पाठीवर थाप मारली. सौदागरानं स्वतःच्या हातानं घोडीची दोरी रखमाजीच्या हातात दिली, तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि पाहुण्यांसाठी सरबत मागवलं.

रखमाजीनं सरबत घेतलं. वीस नाणी वाचली होती. ती चावडीवर सगळ्यांसमोर मोजून ठेवताना लोकांचे चेहरे कसे होतील, हे तो मनात बघत होता.

तेवढ्यात सौदागर हळूच म्हणाला, "पाहुणे, दलालाची दस्तुरी आठ नाणी. ती मला मिळत नाही हो, बाजाराचा रिवाज आहे."

रखमाजीनं दोरीकडे पाहिलं. भोवतीची माणसं अजून त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. ज्यानं चाळीस नाणी उतरवली, त्यानं आठांसाठी घासाघीस करायची? त्यानं आठ मोजली.

"आणि ही महिनाभर आमच्या दावणीला होती, त्या चाऱ्याचे पाच."

"घोडी तुमची होती, मग चारा माझा कसा?" रखमाजी म्हणाला.

"आता घोडी तुमची आहे," सौदागर हसून म्हणाला. माणसंही हसली. रखमाजीला हसावं लागलं. त्यानं पाच मोजली.

मग नाक्यावरच्या सरकारी शिक्क्याची चार गेली. मग सौदागरानं नजर लागू नये म्हणून एक ताईत पुढे केला, दोन नाण्यांचा. रखमाजीनं तो ठणकावून परत केला. "मला काय खुळा समजलात?" माणसांनी पुन्हा मान डोलावली, आणि रखमाजीला पुन्हा बरं वाटलं.

शेवटी तो म्हणाला, "चला, आता खोगीर घाला."

"खोगीर?" सौदागरानं भुवया उंचावल्या. "पाहुणे, ऐंशीला मी घोडी विकली. खोगीर दहा नाण्यांचं."

रखमाजीच्या कमरेच्या पिशवीत तीन नाणी उरली होती.

आता तो काय करू शकत होता, ते सांगतो. दोरी सौदागराच्या हातात परत देऊन तो म्हणू शकत होता, "माझे पैसे द्या, मला हा सौदा नको." बाजारात आणखी सौदागर होते. तो उद्या पुन्हा येऊ शकत होता. पण त्यासाठी एवढ्या माणसांसमोर कबूल करावं लागलं असतं, की भाव मी केला आणि फसलोही मीच. ते त्याच्या जिभेवर आलं नाही.

"तीनमध्ये काही आहे का?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

सौदागरही खालच्या आवाजात बोलला. त्याला माणसाची पारख होती. त्यानं मागच्या पडवीतून एक जुनं खोगीर आणलं. वरून बरं होतं. पण पोटाखालून आवळायचा जो चामड्याचा तंग असतो, तो बकलापाशी तडकला होता. सौदागरानं त्यावर तेल चोळलं. चामडं काळं झालं आणि तडा दिसेनासा झाला. मग त्यानं वरून एक लाल झूल टाकली.

"ही झूल माझ्याकडून भेट," तो म्हणाला. "तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला."

गावाच्या वेशीवर बायका ओवाळायला उभ्या होत्या. घोडी बघून मुलं ओरडत धावली. म्हाळसाआक्कानं घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या कानात काहीतरी बोलली.

"रखमाजी, केवढ्याला पडली?" गावच्या पाटलांनी विचारलं.

रखमाजीनं येताना सगळ्या वाटेवर या प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं.

"एकशेवीस सांगत होता," तो म्हणाला. "शंभरात आणली. खोगिरासकट!"

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते सांगायला सोपं गेलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि वीस नाण्यांचं, दस्तुरीचं, चाऱ्याचं, तडकलेल्या तंगाचं त्या गोंगाटात कुणाला काहीच कळलं नाही. एक-दोन दिवसांत तंग गुपचूप बदलून घेऊ, असं रखमाजीनं मनाशी ठरवलं. पण बदलायचा, तर मोच्याकडे न्यायला हवा. मोची विचारणार, नव्या घोडीचा तंग जुना कसा? मग गाव विचारणार. आज नको, उद्या बघू, असं करत राहिलं.

पावसाळा सरला होता. एके सकाळी वरच्या वाडीतून एक माणूस धावत खाली आला. त्याची बायको सगुणा अडली होती. म्हाळसाआक्कानं आपलं बोचकं घेतलं आणि घोडीवर बसली. रखमाजी तेव्हा अंगणात उभा होता. त्यानं तिला जाताना पाहिलं. "आक्का, थांबा," एवढे दोन शब्द त्याच्या तोंडात होते. पण तिथे आणखी माणसं उभी होती.

वरच्या वाडीतल्या बायका वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. घोडीच्या टापा ऐकू आल्या, तशा त्या उठल्या. एकीनं आत जाऊन सगुणाला सांगितलं, "आल्या गं आक्का, आल्या!"

घोडी अंगणात आली. खोगीर पाठीवरून घसरून छातीच्या पट्ट्याला लोंबत होतं. पाठीवर कुणीच नव्हतं.

म्हाळसाआक्का चढणीच्या अवघड वळणावर सापडली, दगडांत पडलेली. तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. तिला झोळीत घालून खाली आणलं. ती सारखी म्हणत होती, "मला खाली कुठं नेता? मला वर न्या."

सगुणा संध्याकाळच्या आत गेली. मूल जगलं. त्याला शेजारच्या एका बाळंतिणीनं आपल्या अंगावर घेतलं.

घोडी परत आणायला रखमाजी आपणहून गेला. लोकांना वाटलं, केवढा चांगला माणूस. त्या धांदलीत तंगाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. वाटेत त्यानं तुटलेला तंग सोडला आणि दरीत फेकून दिला. मग गावात कुणी म्हणालं, घोडी बुजली असेल. कुणी म्हणालं, म्हातारीला बसता आलं नसेल, या वयात घोडी द्यायलाच नको होती. रखमाजी ऐकत राहिला. म्हाळसा खाटेवर पडून तेच ऐकत राहिली, आणि हळूहळू तिलाही वाटू लागलं, की चूक आपलीच झाली. सगुणाच्या नवऱ्याची तिनं हात जोडून माफी मागितली. रखमाजी तिथेच दाराशी होता. तो तेव्हाही बोलला नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली माणसं एक दिवस आली. त्यांनाही घोडी हवी होती. त्यांची सुईण तरुण होती, पण वाटा लांबच्या होत्या.

"रखमाजी, तुम्ही खोगिरासकट शंभरात आणलीत, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे," ते म्हणाले, आणि शंभर नाणी त्याच्यापुढे ठेवली. "आम्हालाही आणून द्या."

त्याला नाही म्हणता येईना. तो बाजारात गेला. सौदागरानं त्याला मिठीच मारली आणि सरबत मागवलं. पण यावेळी रखमाजी बसला नाही. त्यानं दोरीला हात लावला नाही.

"भाव करायचा नाही मला," तो म्हणाला. "दस्तुरी, चारा, शिक्का, नवं खोगीर, नवा तंग. घोडी या दारातून बाहेर पडेपर्यंत सगळं मिळून किती?"

सौदागर म्हणाला, "एकशेअठ्ठावीस." आणि सरबताचा पेला त्यानं परत आत पाठवला.

रखमाजी इतर दारांतही फिरला. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त. शंभरात धड खोगिरासकट घोडी त्या बाजारात कुठेच मिळत नव्हती. कधीच मिळत नव्हती.

तो शंभर नाणी घेऊन परत आला आणि चावडीवर ती जशीच्या तशी ठेवली. खोऱ्यातल्या माणसांचे चेहरे बदलले.

"स्वतःच्या गावाला शंभरात, आणि आम्हाला मिळत नाही?" त्यांच्यातला एक म्हणाला. "मधे तुमचा वाटा किती ठरला होता, तेवढं सांगा."

तेव्हा रखमाजी खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. ऐंशीचं, सरबताचं, तीन नाण्यांच्या खोगिराचं, तेल चोळलेल्या तंगाचं, दरीचं.

खोऱ्यातला तो माणूस म्हणाला, "आता आणखी एक गोष्ट रचली." ते आपली नाणी घेऊन निघून गेले. रखमाजीच्या गावानं मात्र विश्वास ठेवला, आणि ते त्याला जास्त जड गेलं. सगुणाचा नवरा उठला आणि त्याच्याकडे न बघता चालता झाला.

रखमाजी म्हाळसाच्या घरी गेला. तिच्या खाटेपाशी जमिनीवर बसला. तिला आधीच कळलं होतं. अशा बातम्या पायांनी येत नाहीत.

ती म्हणाली, "रखमाजी, त्या दिवशी वेशीवर एवढंच म्हणाला असतास, की आक्का, मला त्यानं फसवलं. आम्ही काय केलं असतं? जरा हसलो असतो. मग तंग मोच्याकडं दिला असता. त्याचं घर तुझ्या घराला लागूनच आहे की रे."

रखमाजीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय हलले नाहीत.

घोडी पुढे विकली गेली. तिच्यावर बसणारं कुणी उरलं नव्हतं. वाड्यांतल्या बायका पुन्हा आपल्या आपण बाळंत होऊ लागल्या. रखमाजी नंतर पुष्कळ जगला. दुकानदार सांगेल तो भाव तो मुकाट देत असे. पण तेवढ्यानं कुणाचं काही परत आलं नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, ही गोष्ट एवढंच सांगते: फसवलं गेल्याची लाज एका दिवसाची असते, पण ती लपवली, तर तिची किंमत दुसऱ्या कुणाला तरी आयुष्यभर मोजावी लागते.