रस पिणारं पान

आई तापानं अंथरुणाला खिळलेली, डब्यात मूठभर नाचणी, आणि भाताचं रोप टाकायच्या जागी राब भाजायला पाला हवा. म्हणून येसी आणि धाकटा केरू पाट्या घेऊन डोंगरावर गेले. केरू म्हणजे आळशी नंबर एक. तुमच्यात बसवला तर ओळखूसुद्धा येणार नाही.

"अक्का, देवराईत बघ, ढीगभर पानं पडलीत."

"तिथली काडी उचलायची नाही, ठाऊक आहे ना?"

"काडी कोण उचलतंय? पानं उचलतो," म्हणत तो आत शिरला आणि त्याचा आवाजच थांबला. येसी धावली. पाटी होती, केरू नव्हता. भर दुपारी एकही पाखरू बोलत नव्हतं.

दगडावर बोटाएवढी परी बसलेली. सोनेरी, चिमुकली, लुकलुकती. डोळे मात्र मिटतच नव्हते.

"तुझ्या भावानं माझं फुलपाखरू मुठीत धरलं," ती गोड आवाजात म्हणाली. "आता तोही पान झालाय. या पानांत एक फुलपाखरू आहे, ते ओळख. ओळखलंस तर एक इच्छा पुरवीन. बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, एकदाच सांगायचं. चुकलीस तर त्याच्या शेजारी लटकशील."

हजार पानं. सगळी तपकिरी, सगळी तिच्याकडे बघणारी.

येसी घराच्या कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या तोडायची, पण सुरवंट असलेली काठी तशीच सोडायची. त्यांची फुलपाखरं तिनं पाहिली होती; पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान. ती फुलावर जात नाहीत, खोडावर डोकं खाली करून झाडाचा रस पितात.

ती कारवीच्या कडेला गेली. एका खोडातून रस पाझरत होता. त्यावर एक पान, आणि पानाला इवलीशी सोंड.

"हे."

पान उघडलं. आत निळंभोर, झगमग, मधे चांदण्याचा पट्टा.

"माग," परी म्हणाली.

तेवढ्यात झाडांवरची पानं कुजबुजली, "मला सोडव गं... मलाही..."

येसीनं वर पाहिलं. "इथल्या सगळ्यांना माणूस कर."

"आणि आईचा ताप?"

"आई अंथरुणात तरी आहे. हे लटकलेत."

परी पहिल्यांदा हसली आणि निळ्या उजेडात विरघळून गेली. पानं गळाली, माणसं उभी राहिली. केरू, दोन गुराखी, एक म्हातारी वैदीण. वैदीण इतकी वर्षं लटकली होती की तिचं गावच उरलं नव्हतं. येसीनं तिला घरी नेलं. तिच्या काढ्यानं तिसऱ्या दिवशी आई उठून चुलीपाशी बसली.

वैदीण तिथंच राहिली. उन्हात तिची सावली अजून पानाची पडते.  म्हणून घरातले तिला आणखी भात वाढतात.